अमेरिकेतील कॉलेजसाठी शिक्षकांकडे शिफारसपत्र कसे मागावे

बारावीनंतर पदवी अभ्यासक्रमासाठी अमेरिकेतील कॉलेजकडे अर्ज करताना शिक्षकाचे शिफारसपत्र हा अर्जाचा असा भाग असतो, जो विद्यार्थ्याच्या हातात सहसा येतच नाही. शिक्षक ते लिहितात, स्वतः अपलोड करतात आणि ते थेट कॉलेजकडे जाते. एमएससाठी गेलेल्या ताई-दादांमुळे ‘एलओआर’ (लेटर ऑफ रेकमेंडेशन, म्हणजे शिफारसपत्र) हा शब्द घराघरांत ओळखीचा झाला आहे. पण पदव्युत्तर प्रवेशासाठी प्राध्यापक विद्यार्थ्याच्या संशोधनक्षमतेबद्दल लिहितात. पदवीच्या प्रवेशासाठी कॉलेजला सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी वर्गात कशी वागते, प्रश्न कसे विचारते, चुकल्यावर काय करते, हे जाणून घ्यायचे असते. त्यामुळे एमएसचे नमुने पाहून केलेली तयारी इथे उपयोगी पडत नाही.

पत्रात कॉलेज काय शोधते

गुण, परीक्षांचे निकाल आणि उपक्रमांची यादी अर्जात इतरत्र आलेलीच असते. तीच माहिती पत्रात पुन्हा आली तर कॉलेजला नवे काही कळत नाही. ‘ही विद्यार्थिनी हुशार, मेहनती, शिस्तप्रिय आणि सर्वांशी मिळूनमिसळून वागणारी आहे’ हे वाक्य हजारो जणींना लागू पडते. याउलट हे वाक्य पाहा: ‘पोटेन्शियोमीटरच्या प्रयोगात हिचे रीडिंग वेगळे आले. इतरांनी शेजारच्या टेबलावरचे आकडे जर्नलमध्ये उतरवून घेतले. ही तास संपल्यावरही थांबली, सगळे जोड पुन्हा तपासले आणि एक जोड सैल असल्याचे मला दाखवून दिले.’ यात ‘मेहनती’ हा शब्द नाही, तरी मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते. शिक्षकाला असा एखादा प्रसंग आठवणे, हाच या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे. कोणाला विचारायचे, कधी विचारायचे आणि सोबत काय द्यायचे, हे ठरवताना तोच निकष लावावा.

पत्रासोबत शिक्षकाला एक तक्ताही भरायचा असतो. अनेक कॉलेजांचा सामाईक ऑनलाइन अर्ज असलेल्या कॉमन ॲपच्या तक्त्यात शैक्षणिक कामगिरी, लेखन, मौलिक विचार, वर्गातील चर्चेतला सहभाग, प्रामाणिकपणा, अपयश पचवण्याची वृत्ती, इतरांविषयीची आस्था अशा गुणांवर श्रेणी द्यायची असते. त्या श्रेण्या ‘सरासरीपेक्षा कमी’पासून ‘आजवर पाहिलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी एक’पर्यंत चढत जातात. इथे आपल्याकडच्या शिक्षकांची अनेकदा गफलत होते. त्यांच्या लेखी ‘चांगला’ ही मोठी शाबासकी असते. या तक्त्यात ती सरासरीच्या फक्त एक पायरी वर असते आणि तिच्यावर आणखी चार पायऱ्या असतात. ‘अमुक श्रेणी द्या’ असे विद्यार्थ्याने सांगणे गैर आहे. मात्र शाळेच्या समुपदेशकाने किंवा मुख्याध्यापकांनी शिक्षकांना हा तक्ता आधीच समजावून सांगावा, अशी विनंती करायला काहीच हरकत नाही.

किती पत्रे लागतात

याचे एकच उत्तर नाही. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन दोन विषयशिक्षकांची पत्रे मागतात, शिवाय समुपदेशकाचे एक. एमआयटीचा अर्ज स्वतंत्र आहे, तो कॉमन ॲपवर नसतो. तिथे एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचे आणि दुसरे भाषा, मानव्यविद्या किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचे हवे असते. ही अट ठाऊक नसल्यामुळे विज्ञान शाखेचे विद्यार्थी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या सरांना विचारून मोकळे होतात आणि ऐन वेळी इंग्रजीच्या मॅडमना गाठावे लागते. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो ही सारी विद्यापीठे ज्या कुटुंबातली आहेत, ते कॅलिफोर्निया विद्यापीठ मूळ अर्जासोबत पत्रे मागतच नाही. बर्कली काही निवडक अर्जदारांकडून ती नंतर मागवते.

त्यामुळे पहिले काम म्हणजे निवडलेल्या प्रत्येक कॉलेजच्या प्रवेश पानावरची अट वाचून ती एका कागदावर उतरवणे: किती पत्रे आवश्यक, किती ऐच्छिक, विषयाची अट आहे का. दोन पत्रे मागितली असताना पाच पाठवल्याने अर्ज भक्कम होत नाही. आमदार, उद्योजक किंवा मोठ्या पदावरचे काका यांच्या पत्रालाही वजन नसते, कारण त्यांनी विद्यार्थ्याला शिकताना पाहिलेले नसते.

समुपदेशकाचे पत्र हा वेगळा प्रकार आहे. त्यासोबत शाळेचा अहवाल, गुणपत्रके आणि शाळेची माहिती देणारे टिपण जाते. महाराष्ट्रातील बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत प्रवेश समुपदेशक नसतो. अशा ठिकाणी ही जबाबदारी प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक घेऊ शकतात. मात्र त्यांना हे काम नवे असते. त्यात काय काय भरायचे, हे त्यांना वेळीच दाखवावे लागते.

शिक्षक कसा निवडावा

बहुतेक कॉलेजांना अकरावी किंवा बारावीत मुख्य विषय शिकवलेला शिक्षक हवा असतो. अमेरिकेत शिकणाऱ्यांसाठी तो सहसा अकरावीचा असतो, कारण बारावीचे वर्ग सुरू होऊन दोनच महिने झालेले असतात, तोवर अर्जाची वेळ येते. आठवीतल्या लाडक्या बाईंचे पत्र कितीही प्रेमाचे असले तरी चार वर्षांपूर्वीच्या मुलाबद्दलचे असते.

सर्वाधिक गुण ज्या विषयात, त्याच विषयाचा शिक्षक निवडावा हा समज सोडून द्यावा. एखाद्या विषयात सुरुवातीला अडखळून, शंका विचारून, पुन्हा पुन्हा करून जो वर आला, त्याच्याबद्दल त्या शिक्षकाकडे सांगण्यासारखे बरेच असते. पूर्ण वर्षभर पंच्याण्णवच्या खाली न उतरलेल्या, पण तोंडातून शब्दही न काढणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल शिक्षक गुणांपलीकडे काय लिहिणार? पद आणि ज्येष्ठतेचेही तेच. विभागप्रमुखांनी फक्त हजेरीत नाव वाचलेले असेल, तर नुकत्याच रुजू झालेल्या, पण रोज शिकवणाऱ्या मॅडमचे पत्र अधिक मोलाचे.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या एका तुकडीत शंभराच्या आसपास मुले असतात. तिथे शिक्षकाने नावानिशी ओळखणे अवघडच. अशा वेळी प्रॅक्टिकल घेणारे शिक्षक आठवावेत. प्रॅक्टिकलची बॅच लहान असते, शिक्षक टेबलापाशी येऊन बोलतात, जर्नल तपासतात, तोंडी प्रश्न विचारतात. प्रकल्प, विज्ञान प्रदर्शन किंवा वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घेतलेले विषयशिक्षकही चांगले लिहू शकतात.

इंटिग्रेटेड पद्धतीने शिकणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे. महाविद्यालयात नाव, पण शिकणे क्लासमध्ये. त्यामुळे खरी ओळख क्लासच्या सरांशी. शिक्षकाचे पत्र म्हणून कॉलेजला शाळेतला शिक्षक अपेक्षित असतो. क्लासच्या सरांचे पत्र, कॉलेज स्वीकारत असेल तर, ‘इतर शिफारसकर्ता’ म्हणून जोडता येते. शाळेतल्या शिक्षकाच्या जागी ते चालेल असे गृहीत धरू नये. दहावीनंतरच परदेशाचा विचार पक्का असेल, तर महाविद्यालयात निदान दोन शिक्षकांच्या तासांना नियमित बसणे हाच त्यावरचा सरळ मार्ग आहे.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांत आणखी एक प्रश्न निघतो: तिथल्या मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळेतील शिक्षकांचे पत्र चालेल का? मुलगा किंवा मुलगी तिथे लहान मुलांना शिकवत असेल, नाटक बसवत असेल किंवा वर्षानुवर्षे स्वयंसेवक म्हणून राबत असेल, तर ‘इतर शिफारसकर्ता’ या जागेत ते पत्र अर्जाला नवी बाजू देते. फक्त दर रविवारी वर्गात हजर राहिल्याबद्दल असे पत्र मागू नये.

कधी विचारावे

अमेरिकेत अकरावीचे वर्ष मे-जूनमध्ये संपते. त्याआधी, एप्रिल-मे महिन्यात शिक्षकांना विचारणे उत्तम. अनेक शिक्षक ठरावीकच पत्रे घेतात आणि लोकप्रिय शिक्षकांची ती संख्या उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच भरते. कॉमन ॲपवर त्या वर्षाचे अर्ज १ ऑगस्टला खुले होतात. त्यामुळे विचारणे आधी आणि औपचारिक निमंत्रण नंतर, असा क्रम राहतो.

महाराष्ट्रात बारावीचे वर्ग जूनमध्ये सुरू होतात. जून-जुलैमध्ये विचारून ऑगस्टमध्ये निमंत्रण पाठवावे. अर्ली डिसिजन आणि अर्ली ॲक्शन या लवकरच्या फेऱ्यांची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर असते आणि नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते. सर गावी गेलेले, महाविद्यालयाचे कार्यालय बंद आणि मुदत चार दिवसांवर, अशी स्थिती दरवर्षी कोणावर तरी येते. म्हणून शिक्षकांना तारीख सांगताना सहामाही परीक्षेचे पेपर तपासणे आणि सुट्टी दोन्ही धरून, सप्टेंबरअखेरची विनंती करावी. शिक्षकाला किमान महिनाभराचा वेळ मिळालाच पाहिजे. हे काम त्यांच्या पगारात धरलेले नसते. ते रात्री घरी बसून करतात.

कसे विचारावे

विद्यार्थ्याने स्वतः विचारावे. आईवडिलांनी फोन करणे, पालकसभेत विषय काढणे किंवा ओळखीच्या विश्वस्तांकडून निरोप पाठवणे यामुळे शिक्षकावर दडपण येते आणि विद्यार्थी स्वतःची कामे स्वतः करत नाही असा समजही होतो. जिन्यात, तास संपल्याच्या गडबडीत किंवा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारू नका. ‘सर, पाच मिनिटं बोलायचं होतं, कधी येऊ?’ असे म्हणून वेळ घ्या आणि मग मुद्द्यावर या. शब्द साधारण असे असू शकतात:

‘मॅडम, मी अमेरिकेतल्या काही कॉलेजांना अर्ज करतोय. त्यासाठी शिक्षकांचं पत्र लागतं. तुमच्या तासाला मी सर्वांत जास्त प्रश्न विचारले आहेत, म्हणून तुम्हाला विचारावंसं वाटलं. माझ्याबद्दल मनापासून, सविस्तर लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का? वेळ नसेल तर अगदी स्पष्ट सांगा, मी दुसऱ्या सरांना विचारेन.’

यातले शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. समोर उभ्या विद्यार्थ्याला थेट ‘नाही’ म्हणणे बहुतेक शिक्षकांना जड जाते. नकाराची वाट मोकळी ठेवली, तर भिडेखातर लिहिलेले कोरडे पत्र टळते. ‘बघू’, ‘खूप कामं आहेत, पण देईन’, ‘माझ्यापेक्षा पाटील सरांना विचारलंस तर?’ अशी उत्तरे नकारच समजावीत आणि आभार मानून दुसऱ्या शिक्षकांकडे जावे. त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही. जो शिक्षक आपल्याला लिहिण्यासारखे सुचत नाही हे मान्य करतो, तो विद्यार्थ्याचे भलेच करतो.

शिक्षक सुट्टीवर असतील किंवा शाळा सोडून गेले असतील, तर ईमेलने विचारता येते. शाळा सोडलेले शिक्षकही पत्र देऊ शकतात.

सोबत काय द्यावे

होकार मिळाल्यावर दोन-तीन दिवसांत एक टिपण द्या. ते दोन पानांहून मोठे नको. त्यात पुढील गोष्टी असाव्यात:

- कॉलेजांची यादी, प्रत्येकाची मुदत आणि पत्र कोणत्या मार्गाने जाणार (कॉमन ॲप, कॉलेजचे स्वतःचे संकेतस्थळ की अन्य)
- पुढे काय शिकायचे आहे आणि का, हे चार ओळींत; ठरले नसेल तर तसे लिहावे
- त्या शिक्षकांच्या विषयातले दोन-तीन प्रसंग: कोणता धडा, कोणता प्रयोग किंवा निबंध, कुठे अडले, पुढे काय केले
- शाळेबाहेरचे काम, घरची जबाबदारी किंवा वर्षभरात आलेली मोठी अडचण, ती सांगण्याची तयारी असेल तर

तिसरा मुद्दा सर्वांत मोलाचा आणि तोच बहुतेक जण गाळतात. ‘मला गणित आवडते’ असे लिहून शिक्षकाच्या हाती काही लागत नाही. ‘अवकलनाच्या धड्यात मी तुम्हाला विचारले होते, की वक्राला एखाद्या बिंदूपाशी टोक असेल तर स्पर्शिका का काढता येत नाही, तुम्ही फळ्यावर दोन बाजूंनी उतार काढून दाखवलात, आणि दुसऱ्या दिवशी मी आणखी तीन उदाहरणे करून आणली’ असे लिहिले, की शिक्षकालाही तो दिवस आठवतो. जपून ठेवलेला, शिक्षकांच्या लाल शाईतल्या शेऱ्यांचा एखादा निबंध किंवा जर्नलचे पान सोबत दिले तर आणखी बरे.

एक पत्र बहुधा सर्व कॉलेजांना जाते, म्हणून पत्रात कोणत्याही एका कॉलेजचे नाव नसावे, ही सूचना शिक्षकांना आवर्जून द्या. एका विद्यापीठाचे कौतुक करणारे पत्र दुसऱ्या नऊ ठिकाणी पोहोचल्याची उदाहरणे घडतात.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’

आपल्याकडे हे सर्रास ऐकू येते. त्यात शिक्षकांचा हेतू वाईट नसतो. इंग्रजीत लांब पत्र लिहिण्याची सवय नसते, वेळ नसतो. तरीही विद्यार्थ्याने स्वतःचे पत्र स्वतः लिहू नये. ते नियमाला धरून नाही. शिवाय अर्जातला निबंध आणि पत्र यांची शैली एकच असेल, तर रोज शेकडो अर्ज वाचणाऱ्यांच्या ते लक्षात येऊ शकते. अशा वेळी वरचे टिपण पुढे करावे आणि म्हणावे, ‘सर, मुद्दे मी आणले आहेत, शब्द तुमचेच असू द्या. छोटं असलं तरी चालेल.’ शिक्षकांनी पंधरा ओळी साध्या इंग्रजीत लिहिल्या, तरी त्या अलंकारिक दोन पानांपेक्षा विश्वासार्ह वाटतात.

इंग्रजी अगदीच अडत असेल, तर शिक्षकांनी मराठीत लिहावे आणि इंग्रजी भाषांतर सोबत जोडावे. भाषांतर शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी किंवा अधिकृत भाषांतरकाराने करावे. विद्यार्थ्याने किंवा नातेवाइकाने नाही. कॉलेजची याबाबतची अट आधी पाहून घ्यावी.

याहून गंभीर प्रकार म्हणजे शिक्षकाच्या नावाने नवा ईमेल पत्ता काढून पत्र परस्पर चढवणे. काही एजंट ही ‘सेवा’ म्हणून देतात. हा सरळ बनावटपणा आहे. तो उघड झाल्यास मिळालेला प्रवेश रद्द होतो, आणि शिक्षण सुरू झाल्यावर उघड झाल्यास विद्यार्थ्याला काढूनही टाकले जाऊ शकते. अर्जावरची प्रतिज्ञा विद्यार्थ्याच्या नावे असते; एजंट त्यात कुठेच नसतो. अर्जाचा पासवर्ड एजंटच्या हाती देऊ नका.

कॉमन ॲपमधील पायऱ्या

1. ‘एज्युकेशन’ विभागात सध्याच्या शाळेचे नाव भरा आणि यादीत किमान एक कॉलेज जोडा. त्याशिवाय शिफारसकर्त्यांचा भाग उघडत नाही.
2. त्या कॉलेजखालील ‘रेकमेंडर्स अँड फर्पा’ या भागात जाऊन फर्पाचे (विद्यार्थ्याच्या कागदपत्रांविषयीचा अमेरिकी कायदा; तपशील पुढे) निवेदन वाचा आणि पर्याय निवडा. हे एकदाच करायचे असते.
3. समुपदेशक आणि शिक्षकांची नावे व ईमेल भरून निमंत्रण पाठवा. शाळेच्या नावाचा ईमेल पत्ता असेल तर तोच द्या.
4. प्रत्येक कॉलेजसाठी कोणत्या शिक्षकाचे पत्र जावे, ते स्वतंत्रपणे नेमून द्या. समुपदेशकाला असे नेमावे लागत नाही.
5. निमंत्रण पोहोचले का, हे शिक्षकांना प्रत्यक्ष विचारा. ते अनेकदा स्पॅममध्ये पडलेले असते.

चौथी पायरी राहून गेली, तर पत्र तयार असूनही कॉलेजपर्यंत जात नाही. नेव्हियन्ससारखी प्रणाली वापरणाऱ्या अमेरिकी शाळांत शिक्षकांची निमंत्रणे तिकडून जातात. तिथे शाळेचीच पद्धत पाळावी. विद्यार्थ्याने अर्ज सादर करण्यासाठी पत्रांची वाट पाहण्याची गरज नसते. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे जातात आणि कॉलेज त्या एकत्र करते.

फर्पा आणि विद्यार्थ्याचे हक्क

फर्पा हा अमेरिकेचा १९७४ चा संघीय कायदा आहे. शिक्षणसंस्थेकडे असलेली स्वतःची कागदपत्रे पाहण्याचा हक्क तो विद्यार्थ्याला देतो. शिफारसपत्राच्या बाबतीत हा हक्क प्रवेश मिळून त्या कॉलेजात दाखल झाल्यावर, आणि कॉलेजने पत्र जपून ठेवले असेल तरच, वापरता येतो. नाकारलेल्या अर्जदाराला तो मिळत नाही.

अर्ज करताना हा हक्क सोडायचा की राखायचा, असे विचारले जाते. हक्क सोडणेच व्यवहारात शहाणपणाचे ठरते. पत्र गुप्त राहणार असेल तर शिक्षक मोकळेपणाने लिहितात आणि कॉलेजही त्यावर अधिक विश्वास ठेवते. हक्क राखला असेल तर काही शिक्षक लिहायलाच नकार देतात. पण हा निर्णय विद्यार्थ्याचा आहे. हक्क सोडणे ही प्रवेशाची अट करण्यास कायद्याने मनाई आहे. हक्क सोडल्यावरही, मागणी केल्यास, पत्रे कोणी पाठवली त्यांची नावे जाणून घेता येतात, आणि ते पत्र ज्या कामासाठी मागवले त्याच कामासाठी वापरण्याचे बंधन संस्थेवर असते. एकदा पर्याय निवडून प्रक्रिया पुढे गेली, की कॉमन ॲपमध्ये तो बदलणे सोपे नसते. म्हणून घाईत क्लिक करू नका.

हक्क सोडला असल्यास ‘सर, पत्र एकदा दाखवाल का?’ असे विचारू नये. शिक्षकाने आपणहून दाखवले तर ती त्यांची मर्जी.

उशीर होत असेल तर

मुदतीच्या तीन आठवडे आधी एक सौम्य आठवण, एक आठवडा आधी दुसरी, एवढे पुरेसे आहे. पत्र गेले की नाही ते विद्यार्थ्याच्या खात्यात दिसते. त्यासाठी शिक्षकांना रोज विचारावे लागत नाही. मुदत उलटूनही पत्र गेले नाही तर आधी समुपदेशक किंवा प्राचार्यांशी बोला आणि मग कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करा. विद्यार्थ्याचा अर्ज वेळेत पोहोचला असेल, तर शिक्षकाच्या पत्राला थोडे दिवस उशीर झाल्यास बरीच कॉलेजे सांभाळून घेतात. शिक्षक आजारी पडले किंवा संपर्कात नसतील, तर दुसऱ्या शिक्षकांना विनंती करून कॉलेजला तसे कळवावे. आधी जोडलेल्या शिक्षकाचे नाव बदलता येते, मात्र त्यांनी पत्र सादर केलेले नसेल तोवरच.

पत्र गेल्यानंतर

आभाराचे हाताने लिहिलेले चार ओळींचे पत्र द्यावे. महागडी भेटवस्तू देऊ नये. अमेरिकेतील सरकारी शाळांचे शिक्षक सार्वजनिक नोकर मानले जातात आणि त्यांनी स्वीकारायच्या भेटींवर अनेक राज्यांत मर्यादा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये कामाच्या संबंधातून ५० डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीची भेट घेण्यास मनाई आहे. भारतातही पत्राआधी दिलेली भेट शिक्षकाला अवघडून टाकते.

मार्च-एप्रिलमध्ये निकाल लागले की, ते कसेही असोत, शिक्षकांना जाऊन सांगा. बहुतेक शिक्षकांना आपण लिहिलेल्या मुलाचे पुढे काय झाले हे कळतच नाही.

एखाद्या कॉलेजने प्रतीक्षायादीत ठेवले आणि जादा पत्र चालेल असे स्पष्ट कळवले, तरच नव्या शिक्षकांना विचारावे; कॉलेजने नको म्हटले असताना पाठवलेले पत्र वाचले जात नाही. समुपदेशकाचे काम मात्र पहिले पत्र आणि अहवाल पाठवून संपत नाही. बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण वर्षाच्या मध्यावर पाठवायचे असतात आणि प्रवेश निश्चित झाल्यावर अंतिम निकाल. महाराष्ट्रात बारावीचा निकाल मे महिन्याच्या आसपास लागतो आणि गुणपत्रक हाती यायला आणखी काही दिवस जातात, तोवर महाविद्यालयाला सुट्टी असते. अंतिम अहवाल कोण आणि कधी अपलोड करणार, हे प्राचार्यांशी सुट्टीआधीच ठरवून ठेवावे.